काय खाऊ वाटायलंय?

धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावात पहिलटकरीण लेक बाळंतपणासाठी माहेरी आली, की दिवसातून दहा वेळा तिला एकच प्रश्न ऐकू येतो. चुलीपुढून आई विचारते, भिंतीपलीकडून मावशी विचारते, पाटावर बसून शेंगा फोडणारी आजी विचारते, "काय खाऊ वाटायलंय गं माय?" लेक आधी "काही नाही" म्हणते. सासरी चार-पाच महिने हेच उत्तर दिलेलं असतं, ते तोंडात बसून गेलेलं असतं. मग दुपारी आई एकटी सापडली की हळूच सांगते, चिंच हवी होती. कोणतीही नको, गाभुळलेली.

हा प्रश्न किती जुना आहे, याचा लेखी पुरावा आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेला 'गाथासप्तशती' हा सातशे गाथांचा संग्रह महाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे आजच्या मराठीच्या आजीच्या भाषेत. स. आ. जोगळेकर यांनी १९५६ साली तो मराठी वाचकांपुढे ठेवला. त्यातल्या एका गाथेत मैत्रिणी नुकतेच दिवस गेलेल्या मुलीला घेरून विचारतात, तुला काय काय आवडतंय, सांग. ती तोंडाने काहीच सांगत नाही. तिची नजर मात्र नवऱ्याकडे जाते. आणखी एक गाथा आहे, ती वाचल्यावर बराच वेळ दुसरं काही वाचवत नाही. घर गरिबाचं आहे. बायको गरोदर आहे आणि तिला डोहाळे काय लागलेत, असं नवरा पुनःपुन्हा विचारतो. तिला ठाऊक आहे, आपण काही नाव घेतलं तर हा बिचारा ते कुठून आणणार. म्हणून तो जितक्यांदा विचारतो, तितक्यांदा ती एकच वस्तू मागते, पाणी.

दोन ओळींत एवढं घर उभं करणारी कविता जगात फार नसेल.

डोहाळा हा शब्दही त्या गाथांइतकाच जुना आहे. संस्कृतात दोहद, प्राकृतात दोहल, मराठीत डोहाळा. आयुर्वेदाच्या ग्रंथांत याला दौहृद म्हटलंय आणि त्याचा अर्थ दोन हृदयांशी जोडलाय. सुश्रुतसंहितेप्रमाणे चौथ्या महिन्यात पोटातल्या जिवाचं हृदय जागं होतं आणि ते आपल्या इच्छा आईच्या तोंडून बोलू लागतं, म्हणून त्या अडवू नयेत. तेरच्या आजीने सुश्रुत वाचलेला नसतो. पण सुनेला जड हंडा उचलताना पाहून ती जेव्हा "ठेव तो खाली, दोन जिवांची बाई तू" म्हणते, तेव्हा ती तेच सांगत असते. मराठीत या अवस्थेला किती नावं आहेत! दिवस गेलेत, पोटुशी आहे, जड पावलांची आहे, दोन जिवांची आहे. यातलं शेवटचं सगळ्यांत खरं. कारण या काळात बाई जे वाचते, शिवते, रांधते, त्यातलं काहीही ती एकटी करत नसते.

ही आजी ज्या गावची, ते तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकात कुणा ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये तगराचा पत्ता दिलेला आहे. भडोचहून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तिथून साधं कापड आणि मलमलीचे नाना प्रकार गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात. हे तगर म्हणजेच तेर, असं जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडलं. पुढे १९५८ मध्ये बा. ना. चापेकरांनी इथे उत्खनन केलं. विटांचं, पाठीमागे गोलाई असलेलं त्रिविक्रमाचं देऊळ आजही गावात उभं आहे आणि महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या उभ्या इमारतींत त्याची गणना होते. पण तेरचा खरा खजिना जमिनीखाली होता. गावाच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत, पाऊस पडून गेला की मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मातीच्या बाहुल्या वर येत. गावातलेच रामलिंगप्पा लामतुरे या वस्तू वर्षानुवर्षं गोळा करत राहिले. त्यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं शासकीय वस्तुसंग्रहालय आज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

या संग्रहालयातली हस्तिदंताची बाहुली प्रसिद्ध आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेईत १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. तिच्याशी तेरच्या बाहुलीचं नातं अभ्यासक जोडतात, आणि बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला ती आधी दाखवली जाते. दाखवावीच. पण दोन जिवांच्या लेकीने तेरच्या पांढरीतून निघालेली दुसरी एक मूर्ती शोधावी. लज्जागौरी. आकाराने लहान, मातीची, गुडघे दोन्हीकडे फाकवून बसलेली, प्रसूत होणाऱ्या बाईच्या बैठकीतली देवी. अशा मूर्ती तेरला सापडल्या, भोकरदनला सापडल्या, दक्षिणेत इतरत्रही सापडल्या. रा. चिं. ढेरे यांनी १९७८ मध्ये 'लज्जागौरी' हे अख्खं पुस्तक तिच्यावर लिहिलं आणि ही सर्जनाची, मातीची, सगळ्यांना जन्म देणारी आई आहे हे उलगडून दाखवलं. दोन हजार वर्षांपूर्वी या गावातल्या कुणी तरी ती हातात धरली असेल, पूजली असेल. तळहातावर मावणारी देवी ही घरातली देवी असते, देवळातली नव्हे. ज्या गावात बाळंतपणाला माहेरी यायचं, त्या गावच्या मातीतून अशी देवी निघावी, याचं तेरच्या लेकींना अप्रूप वाटायला हवं.

मातीचा विषय निघालाच आहे, तर मातीच्या डोहाळ्यांबद्दल बोलायला हवं. गावोगावच्या बाया कुजबुजत सांगतात तो हा डोहाळा. कुणाला भाजलेल्या मातीचा तुकडा चघळावासा वाटतो, कुणाला पाटीवरची पेन्सिल, कुणाला कच्चे तांदूळ, कुणाला पहिल्या पावसाने भिजलेली भिंत नुसती हुंगावीशी वाटते. कालिदासालाही हा डोहाळा माहीत होता. 'रघुवंशा'त सुदक्षिणा राणी माती खाते आणि राजा दिलीप एकांतात तिच्या मुखाचा मातकट सुगंध घेतो. हा मुलगा पुढे पृथ्वीचा राजा होणार, म्हणून आईला आधीच पृथ्वीची चव हवीशी वाटली, असं कवीने त्याचं कारण दिलंय. दवाखान्यातलं कारण वेगळं आहे. मातीची अशी ओढ आणि अंगातल्या लोहाची कमतरता यांचा संबंध डॉक्टरांनी अनेकदा नोंदवला आहे. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय समजतात. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बाया त्यात सापडल्या. माती खाऊन लोह मिळत नाही, उलट जंत आणि नको ते धातू पोटात जाण्याची भीती. म्हणून हा डोहाळा लपवायचा नसतो, आशाताईंना किंवा नर्सबाईंना सांगायचा असतो. त्या लोहाच्या गोळ्या देतात, आणि पुष्कळदा मातीची ओढही विरते. कालिदासाचं कारण त्यामुळे खोटं ठरत नाही. ते कवितेत राहू द्यावं आणि गोळी पाण्याबरोबर घ्यावी.

गोळीच्या जोडीला चूल आहेच. तेरच्या शिवारात अंबाडी होते. तिची आंबट भाजी लोखंडी कढईत शिजवली की आंबटपणामुळे कढईचं लोह भाजीत उतरतं. हे शास्त्र आज कळलं, कढई पिढ्यान्‌पिढ्या चुलीवर आहे. वर ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. पहिले तीन महिने जिला फोडणीच्या वासाने भडभडून यायचं, तिलाच सातव्या महिन्यात त्या फोडणीजवळ बसावंसं वाटतं. आई "तू बस, मी करते" म्हणते, आणि लेक ऐकत नाही. या दिवसांत रांधण्याला एक निराळीच गोडी असते. सासरी स्वयंपाक वेळेवर व्हावा लागतो. इथे धपाटी थापता थापता मध्येच थांबून पोटावर हात ठेवता येतो, आतून लाथ बसली म्हणून. पीठ हाताला तसंच चिकटलेलं राहतं. कुणी काही बोलत नाही.

आत बसलेला जीवही त्या चटणीचा वाटेकरी असतो, हे आता तपासून पाहिलं गेलंय. अमेरिकेत ज्युली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये एक साधा प्रयोग केला. गर्भजल तपासायला आलेल्या काही बायांना आधी लसणाच्या तेलाची गोळी दिली. नंतर वास घेणाऱ्यांना बहुतेक नमुन्यांत लसणाचा वास ओळखू आला. २००१ मध्ये त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. शेवटच्या तीन महिन्यांत आईने नियमाने गाजराचा रस प्यायला असेल, तर उष्टावणाच्या वयात तिच्या बाळाला गाजराच्या चवीची पेज जास्त रुचते, असं त्यांना दिसलं. तेरमध्ये या प्रयोगाचं भाषांतर करायचं, तर लसणाचा ठेचा आणि शेपूची भाजी म्हणावं लागेल. इथल्या बाळाचं उष्टावण मखरात बसून होतं ते नंतर. पहिली चव त्याने आईच्या पोटातच घेतलेली असते.

आणि मार्गशीर्षात दिवस भरत आले असतील, तर लेकीला येळवस मिळते. लातूर-धाराशिवच्या बाहेर हा सण फारसा कुणाला ठाऊक नसतो, म्हणून जरा सांगायला हवा. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे वेळा अमावास्येला, गाव रिकामं होतं आणि शिवार भरतं. शेतात कडब्याची कोप करतात, आत पाच पांडव म्हणून दगड मांडतात. आदल्या दिवसापासून घराघरात बायांची धांदल असते. ज्वारीच्या पिठाची ताकातली अंबील मडक्यात आंबत असते. शेंगा, हिरवे दाणे, पालेभाज्या, मिळेल ते सगळं एकत्र करून भज्जी शिजते. हे भजी नव्हेत. भज्जी ही बेसन लावलेली घट्ट मिसळ भाजी, आणि ती ज्याने येळवशीला शेतात खाल्ली त्याने इतर भाज्यांचं नाव घेऊ नये. जोडीला बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. आल्यागेल्याला, वाटेने चाललेल्या अनोळखी माणसालाही बोलावून जेवायला बसवतात.

त्या दिवसांत रब्बीची ज्वारी पोटऱ्यात आलेली असते. कणीस अजून बाहेर पडलेलं नसतं, पानाच्या घडीत फुगलेलं असतं, त्या अवस्थेला शेतकरी पोटरी म्हणतो. मग ज्वारी निसवते. पीक आणि बाई यांच्यासाठी एकाच पोटातून शब्द काढणारी ही भाषा आहे. सीमेपलीकडे उत्तर कर्नाटकात शेतकरी आश्विनातल्या पौर्णिमेला शेतात नैवेद्य नेतात तो धरणीचे डोहाळे पुरवायलाच. इकडच्या बाया येळवशीला काळ्या आईची पूजा करतात, अंबील शिवारात शिंपडतात. जड पावलांची लेक बांधावर सावलीत बसून हे बघते. समोर पोटऱ्यातली ज्वारी उभी आणि ती स्वतः तशीच. हे तिला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

एरवी जेवणं झाली की तेरच्या घरांत दुपारी शिवणाची गाठोडी सुटतात. पाळण्यातल्या बाळासाठी नवं कापड आधी आणायचं नाही, अशी बऱ्याच घरांत रीत आहे. ही रीत भीतीतून आली. जन्मलेलं मूल हाती लागेलच याची पूर्वी खात्री नसायची, म्हणून फार आधी तयारी करून नजर लावून घ्यायची नाही. पण त्या भीतीतूनच एक सुंदर गोष्ट निपजली. नवं आणायचं नाही, तर जुनं शोधायचं. आजीचं धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं लुगडं, आजोबांचं धोतर, आईची लग्नातली साडी. या मऊ कापडांचे थर एकावर एक लावून वाकळ शिवायची. मराठवाड्यात गोधडीला वाकळ म्हणतात. मोठ्यांची वाकळ शिवायला दणकट दोरा आणि लांब टाके चालतात. बाळाच्या दुपट्याला तसं चालत नाही. सुई बारीक लागते, धावदोरा जवळ जवळ आणि सारखा हवा, दोऱ्याची गाठ थरांच्या आत लपवायची, नाही तर कोवळ्या कातडीला टोचते. कडेने सुरुवात करून चौकोनात चौकोन घालत आत आत जायचं. मध्यावर पोचायला किती दुपारी लागतात, ते कुणी मोजत नाही.

ग्रहण असलं की सुई-कात्रीला हात लावायचा नाही, असं मात्र अजून बजावलं जातं. बाळाचा ओठ फाटतो म्हणतात. फाटका ओठ ग्रहणाने होत नाही, हे नीट आणि प्रेमाने सांगायला हवं, कारण तसं मूल जन्मलं तर दोष आईच्या माथी येतो. सुईने कुणाचं वाईट केलेलं नाही. वाकळीसारख्याच मेहनतीने कुंची शिवली जाते. कपाळावर झालर, पाठीवर पदर, कडेला मणी. या गावातून दोन हजार वर्षांपूर्वी कापड भडोचला जात होतं, इथल्या कारागिरांचे अकीक-काचेचे मणी आजही मातीतून निघतात. लुगड्याच्या काठावर एकेक मणी ओवणाऱ्या लेकीला हे माहीत असो नसो, तिची बोटं गावचा जुना धंदा करत असतात.

हाताला काम असलं की कानाला रिकामपण मिळतं. म्हणून वाचनाची वेळ शिवणाच्या बरोबरीची. एकीने शिवायचं, एकीने वाचायचं. अक्षरओळख नसलेल्या बायांच्या काळात हे काम ओव्या करत. जात्यावर बसलेल्या दोघी-तिघींनी मिळून म्हटलेल्या या ओव्यांत डोहाळ्यांचा, माहेराचा, पाळण्याचा शब्द पावलोपावली आहे. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याच्या मालेत त्या गोळा केल्या, इंदिरा संतांनी 'मालनगाथा'त. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हॅं यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. जातं गेलं, गिरणी आली, तरी आज तेरची लेक पुस्तक उघडून मोठ्याने वाचायला लागली की आजीची मान त्याच लयीत हलू लागते.

गरोदरपणी काय वाचावं, याच्या याद्या पुष्कळ आहेत. थोरांची चरित्रं वाच, स्तोत्रं वाच, दुःखाचं वाचू नको. अभिमन्यूची गोष्ट प्रत्येक वेळी सांगितली जाते. सुभद्रेच्या पोटात असताना त्याने चक्रव्यूह भेदायचा कसा ते ऐकलं, बाहेर पडायचं कसं ते ऐकायचं राहिलं. या गोष्टीचा धाक वाटून कित्येक जणी रस नसलेली जाड पुस्तकं नेटाने वाचतात. त्यांना थोडं मोकळं करायला हवं. पोटातलं बाळ साधारण सहाव्या महिन्यापासून आवाज ऐकू लागतं. त्याला अर्थ कळत नाही, चाल कळते. अँथनी डीकॅस्पर आणि मेलनी स्पेन्स यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आयांनी शेवटचे सहा आठवडे रोज दोनदा मुलांची एकच गोष्ट मोठ्याने वाचली. जन्मल्यावर बाळांना दोन गोष्टी ऐकायला दिल्या, तर त्यांनी पोटात ऐकलेलीच पुन्हा ऐकण्यासाठी तोंडातली रिकामी चोखणी चोखण्याचा वेग बदलला. २००९ च्या एका अभ्यासात तर फ्रेंच आणि जर्मन तान्ह्यांचं रडणंही वेगवेगळ्या चालीचं निघालं. फ्रेंच बाळांचा सूर वर चढणारा, जर्मन बाळांचा खाली उतरणारा, त्यांच्या त्यांच्या भाषेसारखा. म्हणजे तेरचं बाळ जगात येतं तेव्हा "काय करायलीस", "कुठं चाललीस" या बोलीची लय त्याच्या अंगात आधीच भिनलेली असणार.

तेव्हा वाचायचं, तर स्वतःला आवडेल ते वाचावं आणि मोठ्याने वाचावं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचताना हसू आवरत नाही आणि मध्येच डोळे भरतात, दोन्ही चांगलं. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' एकेका महिन्याचं आहे, दिवस मोजणाऱ्या बाईला ते फार जवळचं वाटतं. मार्गशीर्षात मार्गशीर्षाचं प्रकरण वाचावं आणि खिडकीबाहेर बघावं. दुर्गाबाईंची आठवण इथे आणखी एका कारणाने येते. १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवणाऱ्या या विदुषीने 'खमंग' नावाचं खाण्याचं पुस्तक लिहिलं, आणि विणकाम-भरतकामात त्या तितक्याच रमत. पुस्तक, सुई आणि कढई यांत वरचं-खालचं त्यांनी मानलं नाही. माहेरच्या दुपारीही ते कुणी मानत नाही. 'रुचिरा' उघडून कमलाबाई ओगल्यांची कृती वाचायची, अर्ध्यातच "आपल्याकडं असं नाही करत" म्हणायचं, आणि मग तासभर आपल्याकडे कसं करतात यावर बोलत राहायचं, हेसुद्धा वाचनच.

डोहाळजेवणाच्या दिवशी हे सगळं एका अंगणात येतं. हिरवी साडी, हिरवा चुडा, फुलांचे दागिने, फुलांनी मढवलेला झोपाळा, पाच सवाष्णींनी भरलेली ओटी. झाकलेल्या दोन वाट्यांतून एक उचलायला सांगतात, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. गर्भलिंग तपासण्यावर १९९४ च्या कायद्याने बंदी आहे. ज्या समाजात तो कायदा करावा लागला, तिथे हा खेळ आता मिटवावा असं वाटतं. पेढा निघाल्यावर होणारा गलका आणि बर्फी निघाल्यावरची क्षणभराची शांतता त्या झोपाळ्यावर बसलेल्या मुलीला ऐकू येते. दोन्ही वाट्यांत बर्फी ठेवा आणि गाणी म्हणा.

पण झोपाळा प्रत्येकीच्या वाट्याला येत नाही. तेरपासून जवळ ढोकीला तेरणा साखर कारखाना आहे. उसाचा हंगाम लागला की मराठवाड्यातून हजारो जोडपी कोयत्यावर जातात. उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत काम सुटत नाही. त्यांतल्या कितीतरी बाया पोटुशा असतात, मोळ्या उचलत असतात, आणि त्यांचा सातवा महिना पाचटाच्या खोपटात उजाडतो. त्यांना काय खाऊ वाटतं, हे विचारायला तिथे आई नसते. अंगणवाडीचा पोषण आहार गावच्या पत्त्यावर मिळतो आणि त्या गावात नसतात. पहिल्या बाळंतपणासाठी २०१७ पासून प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत ५,००० रुपये मिळतात, त्याचे कागद गोळा करायलाही थांबावं लागतं. वाचन, शिवण, मनासारखं रांधणं हे सुख जिला मिळतं, तिने ते भरभरून घ्यावं. मात्र ते प्रत्येकीचं हक्काचं असायला हवं होतं, हे लिहिताना हात थांबतो.

तेरची सगळ्यांत प्रसिद्ध आई अशीच कामात होती. संत गोरा कुंभारांचं हे गाव, गोरोबाकाकांची समाधी इथेच आहे आणि चैत्रात तिथे मोठी यात्रा भरते. गोरोबाकाका चिखल तुडवताना विठ्ठलाच्या नामात असे बुडाले, की रांगत आलेलं तान्हं मूल पायाखाली आलं तरी त्यांना कळलं नाही. ही कथा कीर्तनातून सगळ्या महाराष्ट्राने ऐकली आहे. ऐकणारे गोरोबांच्या भक्तीकडे पाहतात, शेवटी मूल परत मिळतं त्या चमत्काराकडे पाहतात. मुलाच्या आईकडे, संतीकडे, फार जण वळून पाहत नाहीत. त्या वेळी ती कुठे होती? मुलाकडे लक्ष ठेवा म्हणून नवऱ्याला सांगून ती पाणी आणायला गेली होती.

पाणी. गाथेतल्या गरीब बाईने मागितलं तेच. तिने ते मागितलं, कारण तिच्या मते त्याला पैसे पडत नव्हते. नदीवरून आणावं, द्यावं. तेरणा नदीच्या काठच्या बाईला ही गाथा वाचून दाखवली, तर ती क्षणभर थांबेल. गावाजवळ तेरणेवर धरण आहे, तरीही एप्रिल-मे महिन्यांत इथे पाण्याला काय पडतं, ते तिला विचारावं. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली तेव्हा दहा वाघिणींत ५ लाख लिटर पाणी होतं. त्या उन्हाळ्यात या पट्ट्यात ज्या बाया दोन जिवांच्या होत्या, त्यांनी कळशी घेऊन रांगेत उभं राहून दिवस काढले. त्यांना कुणी डोहाळे विचारले असते, तर त्यांनीही पाणीच म्हटलं असतं, आणि नवरा गाथेतल्यासारखा निश्चिंत झाला नसता.

पहिलटकरणीचे दिवस चैत्रात भरत आले, की तेरच्या घरात नवा माठ येतो. गोरोबांच्या गावात माठ निवडायची रीत पक्की आहे. बोटाच्या पेराने वाजवून बघायचा, खणखणीत वाजला तरच घ्यायचा. तो रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतात, मग तिवईवर मांडतात, भोवती ओलं फडकं गुंडाळतात. पहिले तीन-चार दिवस त्यातल्या पाण्याला मातीचा वास असतो. घरातली बाकीची माणसं म्हणतात, दोन दिवस जाऊ द्या, वास गेला की पिऊ. लेक थांबत नाही. मांडीवरचं अर्धं शिवलेलं दुपटं बाजूला ठेवते, सुई कापडात खोचते, पुस्तकात बोट घालून ते तसंच मिटते आणि सावकाश, भिंतीचा आधार घेत उठते. आजी डोळे न उघडताच विचारते, "काय पाहिजे गं माय? काय खाऊ वाटायलंय?"

"पाणी," ती म्हणते, आणि माठावरचं झाकण काढून आधी नुसता वास घेते.